म्हाळूआप्पांची भट्टी

म्हाळूआप्पा माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याच्या हातातली पिशवी बघायचे. मी त्यांच्याकडं भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा माझ्या एका हातात शाळेच्या नेमणुकीचं पत्र होतं आणि दुसऱ्या हातात केडगावच्या बाजारातून घेतलेल्या पेरूंची पिशवी. आप्पा ओट्यावर बसून एक पाना पुसत होते. शाळेत नेमणूक झाल्याचं मी सांगितलं, पण पत्राकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

"बाई, ती पिशवी जरा द्या," म्हणाले.

त्यांना पेरू हवेत असं समजून मी पिशवी पुढं केली. त्यांनी एकेक पेरू काढून परातीत ठेवला, रिकामी पिशवी कानाजवळ नेली आणि चुरगाळली. मग आत बघून म्हणाले, "अगं, खोलीची किल्ली आण. शाळंच्या बाई आल्यात." आणि मला सांगितलं, "कुरकुरती. ही येगळ्या ढिगात जाती. मऊ असती तर दुसऱ्या ढिगात."

खोली मला मिळाली. पिशवी परत मिळाली नाही.

आमचं गाव भीमेच्या काठावर. इथं नदी म्हणजेच तालुक्याची हद्द. अलीकडं शिरूर, पलीकडं दौंड, आणि मधे अडवलेलं पाणी. वर कुठंतरी मुळा-मुठा भीमेला मिळते, त्यामुळं पुण्यानं टाकलेलं सगळं यथावकाश आमच्या बंधाऱ्याशी येऊन थांबतं. दुधाच्या पिशव्या, चपला, बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या. जलपर्णीत अडकून त्याचा एक जाड हिरवा-पांढरा गालिचा तयार होतो. जूनच्या तोंडाला पाटबंधारेचे लोक पाणी अडवायला बंधाऱ्यात बसवलेले लोखंडी ढापे काढतात आणि तो सगळा गालिचा एका दिवसात पुढं निघून जातो. गाव मोकळं होतं. पुढं त्याचं काय होतं, हा प्रश्न गावाला कधी पडला नव्हता. तो एकट्या आप्पांना पडला, कारण पुढं काय होतं ते त्यांनी बघितलं होतं.

आप्पांचे वडील मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे. आप्पांनी दौंडला फिटरचं शिक्षण घेतलं, काही वर्षं कारखान्यांत काढली आणि कुणाच्या तरी ओळखीनं थेट मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत जाऊन पोचले. तिथं वीस-बावीस वर्षं राहिले. वर्षातले दोन-तीन महिने घरी, बाकी पाण्यावर. त्यांच्या बायकोनं, यमुनामावशींनी, तेवढ्या काळात दोन मुली वाढवल्या, लग्नं केली आणि घराला लागून पिठाची गिरणी टाकली. आप्पा कायमचे परत आले तेव्हा गावानं त्यांना 'बोटवाले आप्पा' हे नाव दिलं आणि बोटीवरचा माणूस म्हणून त्यांच्याकडून जरा जास्तच अपेक्षा केल्या. आप्पांनी आणली होती लोखंडी पेटीभर हत्यारं आणि मागच्या खिशात कायम एक चिंधी.

बोट त्यांच्या अंगातून गेलीच नाही. नदी वाहते तिकडं तोंड करून उभं राहिलं की डावा काठ शिरूरचा आणि उजवा दौंडचा. आप्पा त्यांना पोर्ट साईड आणि स्टारबोर्ड साईड म्हणायचे. "स्टारबोर्डला ऊस लई वाढलाय औंदा," असं ते पारावर सहज बोलून जायचे आणि आता ऐकणाऱ्यांनाही ते कळायला लागलं होतं. कुठलंही काम संपलं की 'रिपोर्ट' द्यायचे. मावशींनी मिरच्या आणायला पाठवलं तरी परत येऊन दारातून सांगायचे, "रिपोर्ट. मिरच्या आणल्या. लवंगी न्हाई मिळाली."

त्यांचं एक वाक्य घरात रोज ऐकू यायचं. "आधी बंद. मग थंड. मग उघड." इंजिनखोलीतला हा नियम. बिघाड झाला की घाईनं झाकण उघडायचं नाही. हा नियम ते भांडणालाही लावायचे. मावशी एखाद्या दिवशी तापल्या की आप्पा शांतपणे नदीवर निघून जायचे. मावशी मला म्हणायच्या, "बघा, मला थंड हू देतोय. मी काय इंजान हाय?" पण आप्पा परत येईपर्यंत त्या खरंच निवलेल्या असायच्या.

पिशवीचं कारण त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं. जहाजाचं इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात. त्या वाटेवर गाळणी असते. एकदा आंध्रच्या किनाऱ्याजवळ इंजिन तापायला लागलं, पाणी येईना. गाळणी उघडायचं काम आप्पांकडं आलं. आत पिशव्याच पिशव्या.

"हातानं वढून काढल्या. आन् त्यातल्या एका पिशवीवर मराठी अक्षरं व्हती. दुधाची पिशवी. आपल्याकडची."

मी विज्ञान शिकवणारी. मला ते पटेना. "आप्पा, भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा तिकडं समुद्राला, हे खरं. पण मधे धरणं किती आहेत. पिशवी एवढ्या लांब जाईल कशी?"

"धरण पाण्याला आडवं असतं बाई. पिशवीला न्हाई. पूर आला की ती वरनं जाती."

ती पिशवी खरंच भीमेतून गेली होती की कुठल्या जहाजावरून पडली होती, कुणी सांगावं. पण आप्पांसाठी तो विषय संपलेला होता. आपल्या गावच्या कचऱ्यानं आपण चालवत असलेलं इंजिन बंद पाडलं, हे त्यांना फार लागलं होतं.

परत आल्यावर त्यांनी भट्टी बांधायला घेतली. त्यांचा विचार सरळ होता. प्लास्टिक तेलापासून होतं, तर त्याचं परत तेल का होऊ नये. जुन्या बॉयलरच्या जाड पत्र्याची एक टाकी त्यांनी भंगारातून आणली. तिला घट्ट झाकण केलं. आत प्लास्टिक, खालून लाकडाचा जाळ. हवा लागू दिली नाही की प्लास्टिक पेटत नाही, वितळतं, मग त्याची वाफ होते. ती वाफ पाईपातून पाण्याच्या हौदात फिरवली की थंड होऊन तेल ठिबकतं. उरलेला गॅस परत भट्टीखाली आणून जाळायचा. शाळेत पाणी ऊर्ध्वपातन करून दाखवताना मी जे काचेच्या नळ्यांनी करायचे, ते आप्पांनी लोखंडानं केलं होतं.

खरी मेहनत भट्टीची नव्हती, निवडण्याची होती. सकाळी आप्पा ट्रकच्या दोन ट्यूब एकत्र बांधून त्यावर बसून बंधाऱ्याच्या पाण्यात जायचे आणि दाताळ्यानं कचरा ओढायचे. मग तो धुवायचा, वाळवायचा. पाणी राहिलं तर टाकीत वाफेचा दाब वाढतो. अंगणातल्या दोरीवर मावशींच्या लुगड्यांच्या शेजारी दुधाच्या पिशव्या चिमट्यांनी लावलेल्या असायच्या. पाण्याच्या बाटल्या भट्टीत चालत नाहीत, त्या भंगारवाल्याला. पिशव्या, बादल्या, तेलाचे डबे चालतात. ते निवडताना आप्पा प्रत्येक तुकडा वाजवून बघायचे, वाकवून बघायचे, एक कडा पेटवून वास घ्यायचे. "मेणबत्तीचा वास आला म्हंजी आपला."

तेल निघालं ते काळसर, उग्र वासाचं. थंडीत तुपासारखं थिजायचं. मी मनात म्हटलं, यावर काय चालणार. पण आप्पांना थिजलेल्या तेलाची सवय होती. जहाजावर असंच घट्ट तेल तापवून वापरतात. इंजिन सुरू करायचं डिझेलवर, गरम झालं की तेल बदलायचं आणि बंद करायच्या आधी परत डिझेलवर आणायचं. त्यांनी एक जुनं संथ चालीचं, पाणी उपसायचं इंजिन घेतलं, गाळणीवर गाळणी बसवली आणि इंजिनाचा पट्टा मावशींच्या गिरणीला जोडला.

ते पहिल्यांदा चालू झालं त्या दिवशी गावात वीज नव्हती. दळणाचे डबे घेऊन बायका ओट्यावर बसल्या होत्या. आप्पांनी हँडल मारलं, इंजिन ठसकलं, पांढरा धूर सोडला आणि लागलं. दहा मिनिटांनी त्यांनी कॉक फिरवून ते भट्टीच्या तेलावर आणलं. आवाज जरा जड झाला, पण थांबला नाही. जातं फिरायला लागलं. आप्पा चिंधीनं हात पुसत माझ्याकडं आले आणि हळूच म्हणाले, "रिपोर्ट. बंधाऱ्याच्या कचऱ्यावर चाललंय."

बायका मात्र पीठ घेऊन जायला तयार होईनात. एकीनं पसाभर पीठ नाकाशी नेऊन सांगितलं की याला चपलेचा वास येतोय. पीठ आणि इंजिन यांच्यात एक भिंत आणि पंधरा फूट पट्टा होता, पण शंका आली ती आली. मावशी उठल्या. त्यांनी त्याच डब्यातलं पीठ घेतलं, तिथंच चुलीवर भाकरी थापली आणि सगळ्यांसमोर मिरचीच्या ठेच्याशी बसून खाल्ली. शेवटचा घास झाल्यावर म्हणाल्या, "चपलंपेक्षा बरी लागती." त्यावर हसू फुटलं आणि डबे उचलले गेले.

त्यानंतर दोनेक वर्षं भट्टी आठवड्यातून एकदा पेटायची. लोक स्वतःहून प्लास्टिक आणून द्यायला लागले. त्यातच फ्लेक्स आले.

गावात वाढदिवस, निवड, स्वागत असं काहीही झालं की वेशीवर फ्लेक्स लागतो. उतरवलेले फ्लेक्स कुणीतरी गठ्ठ्यानं आप्पांकडं आणून टाकले. मी ते रोज बघत होते. शाळेत जाता-येता त्या गठ्ठ्यावर छापलेले चेहरे मला दिसायचे. फ्लेक्स पीव्हीसीचा असतो, पीव्हीसीत क्लोरीन असतं आणि ते तापलं की आम्लाचा वायू सुटतो, हे मी दहावीच्या वर्गात दरवर्षी शिकवायचे. तरी त्या गठ्ठ्यापाशी माझे पाय कधी थांबले नाहीत.

आप्पांनी ते दोन खेपांत थोडे-थोडे घालून बघितले. तिसऱ्या खेपेला आप्पा बंधाऱ्यावर होते आणि मावशी भट्टीच्या शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. आम्लानं आतून खाल्लेला पाईप जोडापाशी फुटला आणि धूर बाहेर यायला लागला. मावशी पळाल्या नाहीत. आप्पांचं रोजचं वाक्य त्यांना पाठ होतं. आधी बंद. त्या वाकून भट्टीखालची जळती लाकडं एकेक करून ओढून काढत राहिल्या. शेवटचं लाकूड निघेपर्यंत तो धूर त्यांच्या छातीत गेला होता.

मी शाळेतून धावत आले तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना जीपमध्ये घातलं होतं. दौंडला दवाखान्यात पोचेपर्यंत त्या काही बोलू शकत नव्हत्या, नुसत्या माझा हात धरून खोकत होत्या.

दवाखान्याच्या बाहेर बाकावर आप्पा माझ्या शेजारी बसले. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता.

"बाई, त्या फ्लेक्समंदी काय असतं?"

मी सांगितलं.

"हे तुमाला आधीपासनं ठाव व्हतं?"

"हो."

"आन् मी फ्लेक्स घालतोय हे बी दिसत व्हतं."

"हो, आप्पा. दिसत होतं. पण डोक्यातच आलं नाही. वर्गात शिकवते ते आणि तुमच्या अंगणात आहे ते एकच, हे मला सुचलंच नाही."

मला वाटलं, आता ते मला रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मान हलवली. "मागच्या खेपेला धुराचा वास मला येगळा लागला व्हता. मेणबत्तीचा नव्हता. मी म्हणलं, बघू मागनं. तुमी फळ्यावर शिकलेल्या. मी बावीस वर्सं वासावर काम केलं. जास्त चूक माझी हाय." मग ते उठले. "तिला सांगायला लागंल. चला, दोघं बी सांगू."

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा आवाज गेला होता. घशातून खरखर तेवढी यायची. त्यांनी मला जवळ बोलावलं. "फ्लेक्स कशाचा व्हता?"

"वाढदिवसाचा," मी म्हणाले.

"वाढदिवस त्येंचा," त्या म्हणाल्या, "आन् केक मी खाल्ला."

आप्पा खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की रडत होते, ते मी बघायला गेले नाही.

मावशी बऱ्या झाल्या. आवाज मात्र पहिल्यासारखा आला नाही. गिरणीच्या ओट्यावरून समोरच्या गल्लीतल्या बाईला हाक मारणाऱ्या मावशी आता शेजारी बसलेल्या माणसालाही जपून बोलायच्या. पुढं सहा महिने भट्टी पेटली नाही. मग एके दिवशी आप्पा माझ्या दारात आले. "बाई, नुसता वास पुरत न्हाई. फ्लेक्स वळखायचा दुसरा काही मार्ग हाय का?"

मी त्यांना तांब्याच्या तारेची खूण दाखवली. तार लाल तापवायची, प्लास्टिकला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की त्यात क्लोरीन आहे. आप्पांनी ती तार माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या चपलेला, बादलीच्या कानाला, पाण्याच्या पाईपाला, मिळेल त्याला लावून बघितली. पाईपाला ज्योत हिरवीगार झाली. त्यांनी ती पुन्हा तीनदा करून बघितली. त्यानंतर तारेला विचारल्याशिवाय त्यांनी भट्टीत काही घातलं नाही. भट्टीच्या चारी बाजूंनी त्यांनी दगडाचा पट्टा आखला आणि ती पेटलेली असताना मावशींनी तो ओलांडायचा नाही असं ठरलं.

याच सुमारास शिक्रापूरकडचे एक कारखानदार गावात आले. आप्पांच्या गिरणीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. माणूस वाईट नव्हता, बोलायला नम्र होता. गावच्या गायरानावर त्यांना मोठा प्रकल्प करायचा होता. कारखान्यांचं प्लास्टिक ट्रकनं आणायचं, त्याचं तेल करायचं, त्यावर वीज करायची. गावातल्या पोरांना काम, रस्त्यावर दिवे. प्रकल्पाला आप्पांचं नाव द्यायलाही ते तयार होते. गाव खूश होतं. आप्पाही खूश होते, हे मी बघितलं आहे. दोन दिवस ते नव्या टाकीची चित्रं काढत बसले होते.

ग्रामसभा शाळेच्या मैदानात भरली. कारखानदार साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. कुठला माल येणार ते कळावं म्हणून एक पोतंही आणलं होतं. सरपंचांनी आप्पांना दोन शब्द बोलायला सांगितलं. आप्पा उठले, ते माईककडं गेले नाहीत, पोत्याकडं गेले. त्यातून पाच तुकडे काढले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, तुमचा दिवा."

प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा मी आणून टेबलावर ठेवला. माझं काम तेवढंच. आप्पांनी तार तापवली. पाचातल्या तीन तुकड्यांना ज्योत हिरवी झाली. पुढच्या रांगेतल्या लोकांना ते दिसलं, मागच्यांना कुणीतरी सांगितलं.

"आप्पा, आमच्याकडं धूर धुवून काढायची यंत्रणा असणार आहे," साहेब म्हणाले.

"असंल. चांगलीच असंल. पण आधी कुठं चालू असंल ती दाखवा, मी सोता येऊन बघतो. दुसरं असं साहेब, निवडणार कोण? तुमी रोज पाच ट्रक म्हणता. मला एक पोतं निवडायला दिवस लागतो."

ते अजून ठरवलेलं नाही, असं साहेब म्हणाले. त्यांनी खोटं उत्तर दिलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण गावातला एक तरुण उभा राहिला. त्याचा कंपनीतला कंत्राटी जॉब नुकताच सुटला होता. "आप्पा, तुमी भट्टी चालवली ती चालती. आमाला काम मिळायची येळ आली की तुमाला हिरवा जाळ दिसतो."

आप्पांनी हातातली तार टेबलावर ठेवली. त्या मुलाचं बोलणं त्यांना बरोबर वाटलं असावं.

तेव्हा बायकांच्या बाजूनं यमुनामावशी उठल्या. सभेत त्या कधी बोललेल्या नव्हत्या. त्यांनी सुरुवात केली तर काहीच ऐकू येईना. कुणीतरी माईक आणला. त्यांनी तो हातानं बाजूला केला आणि तशाच बोलायला लागल्या. ऐकू यावं म्हणून सगळं मैदान हळूहळू शांत झालं.

"ह्यो माझा आवाज बघा. एका फ्लेक्सचं काम हाय. ह्यो माणूस जलमभर मशिनीत गेलाय, तरी चुकला. बाई एवढ्या शिकल्याल्या, त्या बी चुकल्या. आमी दोघं-तिघंच व्हतो म्हणून एकीच्याच घशावर गेलं. ज्येला वाटतंय आपुन चुकणार न्हाई, त्यानं हात वर करा. त्येला चालवू द्या."

कुणी हात वर केला नाही. तो तरुणही खाली बसला. ठराव पुढच्या सभेवर गेला आणि पुढच्या सभेपर्यंत साहेबांनी दुसरीकडं जागा बघितली.

गावानं आप्पांना शाबासकी दिली असं मात्र झालं नाही. काही घरांतून दळण येणं थांबलं. महिन्याभरात कुणीतरी पंचायतीत अर्ज दिला की नियम सगळ्यांना सारखा असावा, परवानगी नसेल तर आप्पांचीही भट्टी बंद व्हावी. तसं पत्र आलं. मावशी संतापल्या. आप्पांनी चष्मा लावून ते पत्र दोनदा वाचलं.

"बरोबर हाय," म्हणाले. "मीच सांगितलं की ह्यात धोका हाय. मग माझ्यात न्हाई का?"

त्याच दिवशी त्यांनी भट्टी साफ केली, झाकणाला ग्रीस लावून ते बंद केलं आणि इंजिन डिझेलवर आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे ट्यूबवर बसून पाण्यात गेले. ढापे काढायला तीन आठवडे राहिले होते. भट्टी नसली तरी ढापे निघणारच होते. काढलेलं प्लास्टिक ते गोठ्यात रचत गेले. पोती वाढत गेली आणि गाय बाहेर बांधायला लागली.

परवानगीचे कागद मी भरून दिले. ते कुठल्या तरी कार्यालयात जाऊन पडले. पण त्या खटपटीत पाबळच्या बाजूच्या एका मास्तरांची ओळख झाली. ते मुलांना वर्कशॉपचं काम शिकवायचे. त्यांनी आप्पांची भट्टी येऊन बघितली, चित्रं काढून नेली आणि तिकडं शिकवण्यापुरती एक लहान भट्टी बांधायची रीतसर सोय केली. दाब दाखवणारं घड्याळ, धूर चुन्याच्या पाण्यातून नेणारी नळी, चारी बाजूंनी जाळी. माल निवडायला शिकवायचं काम आप्पांचं.

मग आप्पा आठवड्यातून दोनदा पोती घेऊन एसटीनं निघायचे. न्हावऱ्याला गाडी बदलायची, शिक्रापूरला बदलायची. एकदा मी त्यांच्याबरोबर होते. कंडक्टरनं पोतं बघितलं. "आप्पा, कचरा घिऊन कुठं निघाला?"

"कचरा न्हाई, इंधन हाय ते," आप्पा अभिमानानं म्हणाले.

"मग तर अजाबात न्हाई. पेटणारा माल गाडीत चालत न्हाई."

आप्पा क्षणभर अडचणीत आले. मग म्हणाले, "बरं, कचरा हाय."

कंडक्टरनं पोतं मागच्या सीटखाली सरकवलं.

पाबळला त्यांना कुणी सर म्हटलं की ते अवघडायचे. "मी फिटर," म्हणायचे. तिथल्या तेलावर पहिल्यांदा जनरेटर चालला त्या दिवशी त्यांचा मला शाळेत फोन आला. मधल्या सुट्टीची वेळ होती, आजूबाजूला गलका होता, पण त्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं. "बाई, रिपोर्ट. वर्कशॉपातले सहा दिवे लागले. धूर न्हाई. वास थोडा हाय, पण मेणबत्तीचा हाय."

आमच्या गावातली भट्टी मात्र पुन्हा पेटली नाही. निवडलेला माल पाबळला जातो, उरलेला भंगारात. ग्रामसभेत आप्पांवर आवाज चढवणारा तो तरुण आता मे महिन्यात दुसऱ्या ट्यूबवर बसून त्यांच्याबरोबर पाण्यात उतरतो. दोघं फारसं बोलत नाहीत. बंधारा पूर्ण साफ कधीच होत नाही. ढापे निघतात तेव्हा थोडं पुढं जातंच.

माझी बदली दौंडला झाली. निघताना आप्पांनी माझं सामान टेम्पोत स्वतः बांधलं, अशा गाठी मारून की त्या मला सुटेनात आणि शेवटी कापाव्या लागल्या.

त्यानंतर मी त्यांना बघितलं ते मागच्या जानेवारीत, दौंड स्टेशनवर. मी बहिणीला सोडायला गेले होते. दुपारची वेळ होती. पलीकडच्या फलाटावर एका बाकावर आप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ताठ बसले होते, शेजारी मावशी नव्या लुगड्यात. मधे कापडी पिशव्या. बहिणीची गाडी गेल्यावर मी पूल ओलांडून गेले.

"कुठं निघालात?"

"समुद्र बघाया," मावशी त्यांच्या खरखरीत आवाजात म्हणाल्या. "ह्येंनी एवढी वर्सं समुद्र समुद्र केलं, मला कवा दाखवला न्हाई. म्हणलं, कृष्णामाई जिथं समुद्राला मिळती तिथलाच दाखवा. विजयवाड्याच्या पुढं हाय म्हणं."

गाडीची घोषणा झाली तेव्हा आप्पा पाणी भरायला नळाकडं गेले. मी मागं गेले. त्यांनी बाटली भरली, झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं.

"बाई, मी तिथलं काठ बघितल्यात," ते हळू म्हणाले. "कवा कवा लई घाण असती. हिनं एवढ्या लांब यायचं आन् हिला तेच दिसायचं. रात्री झोप न्हाई आली मला."

"त्यांना तुम्ही सांगितलंय का?"

"सांगितलं. म्हणती, असंल तर असंल, आपलंच हाय."

गाडी आली. आप्पांनी सामान चढवलं, मावशींना खिडकीशी बसवलं आणि स्वतः त्यांच्या समोर बसले. मी खिडकीपाशी उभी राहिले. मावशींनी मला भाकरी हवी का विचारलं. पिशवीत आठ होत्या म्हणाल्या, एखादी कमी झाली तर चालेल. मी नको म्हटलं.

गाडी हलली. आप्पांनी मला हात करायला खिडकीच्या गजातून हात बाहेर काढला. मावशींनी माझ्याकडं बघत बघतच त्यांचं मनगट धरलं, हात आत ओढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. मी खिडकीबरोबर चालत राहिले, गाडीनं वेग घेईपर्यंत मला ते दोघं दिसत होते. हात तिथंच होता.